धारेवरचे बारा दिवस

निवृत्ती, आज शुक्रवार. सकाळी डोळे उघडले आणि पाय आपसूक खाटेखाली बूट चाचपू लागले. एक बूट सापडला. दुसरा शोधताना आठवलं की आज कुठं जायचं नाही. तुझ्या खाटेवर कंपनीनं अजून कुणाला पाठवलेलं नाही. गादी गुंडाळून ठेवली आहे, आणि आपल्या खोलीतला प्रेमसिंग रोज ऑफिसातून आल्यावर जेवणाचा डबा सवयीनं त्या गादीवर ठेवतो आणि मग उचलून खाली ठेवतो.

मी परवा गावाकडून दोह्याला परत आलो. तुला पोचवून, तुझ्या घरी पंधरा दिवस राहून आलो. तिथं जे झालं ते तुला सांगायला हवं, कारण त्यात मी तुला दिलेला शब्द मोडला आहे. पण एकदम तिथं जाता येत नाही. आधी थोडं मागं जातो. तुझ्याशी बोलायला आता मला घाई कसली आहे?

तुझी माझी पहिली भेट आठवते का? अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा. मी तुमच्या सर्व्हे ऑफिसच्या पत्र्याच्या केबिनवर चढून एसी दुरुस्त करत होतो. हातातला स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि मी एक सणसणीत शिवी हासडली. खालून आवाज आला, "सातारा का?" वाकून बघतो तर तू उभा. डोक्याला फडकं गुंडाळलेला, काळा, बारका, हातात आकडे लिहिलेली ती उंच पट्टी. तू स्क्रू-ड्रायव्हर वर फेकलास आणि म्हणालास, "मी अकोल्याचा. नगर जिल्ह्यातलं अकोलं बरं का, विदर्भातलं नव्हं." पुढं नऊ वर्षं, नवीन माणूस भेटला की तू हे वाक्य म्हणत राहिलास.

तुझं काम मला आधी गमतीचं वाटायचं. दिवसभर पट्टी धरून उभं राहायचं, लांबून साहेब दुर्बिणीतून आकडा वाचणार, मग तू वीस पावलं पुढं जाऊन परत उभा. अल सद्दला आज ज्या इमारतींत आपली पुण्या-मुंबईची इंजिनियर मंडळी बायकापोरांसह राहतात, तिथली जमीन पाया खणायच्या आधी तू पायाखालून घातलीस. तू म्हणायचास, "इथं मैलभर चाललं तरी वीतभर चढ नाय लागत. आणि ह्या लोकांना ती वीतच मोजायचीय." गावाच्या पाठीशी डोंगर घेऊन वाढलेला माणूस तू. इथली सपाटी तुला झोंबायची. "नजर कुठं टेकतच नाय रं, बबन," म्हणायचास. "नुसती जातच राहती."

म्हणून ते शुक्रवार. प्रेमसिंग कंपनीची पिकअप चालवायचा, आणि शुक्रवारी सकाळी कुणी विचारणारं नसायचं. पाण्याचे कॅन टाकून आपण तिघं उम्म सईदच्या पलीकडं वाळूच्या टेकड्यांवर जायचो. दोन पावलं चढावं आणि एक पाऊल घसरावं. मी निम्म्यातच बसायचो. तू मात्र वर पोचून टेकडीच्या माथ्यावर जी कड असते, सुरीच्या पात्यासारखी, तिच्यावरून दोन्ही हात पसरून चालायचास. दोन्ही बाजूंनी वाळू सुळसुळत खाली जायची. खाली गाडीच्या सावलीत बसलेला प्रेमसिंग तुला बघून हसायचा. तो हिमाचलातल्या चंब्याकडचा. एकदा तो म्हणाला, "ये क्या चीज़ है भाई! हमारे यहाँ आओ. असली धार पर चढ़ा दूँगा."

धार. आपल्याकडंही डोंगराच्या अरुंद माथ्याला धार म्हणतातच की. पण प्रेमसिंगच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि तू चालायचा थांबलास. मग पुढचे कितीतरी शुक्रवार तू त्याला खोदून खोदून विचारत राहिलास. गावाच्या वर सरकारचं अभयारण्य आहे. त्याचा मोठा भाऊ तिथं फॉरेस्ट गार्ड. देवदाराचं रान संपलं की झाडं खुजी होतात, मग झाडंच संपतात, नुसतं गवत. आणि त्याच्याही वर धार. मैलोन् मैल चालत जावं, डावीकडं एक खोरं, उजवीकडं दुसरं. "जंगल सरकार का है," प्रेमसिंग म्हणाला, "पर धार सबकी है."

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये आपली सुट्टी एकत्र आली. दोन वर्षांनी दोन महिने, आपल्यासारख्यांना मिळते तेवढी. तू म्हणालास, त्यातले बारा दिवस काढू. आधी वाटलं चेष्टा करतोस. पण तू कागदावर आखून आणलं होतंस, कुठल्या दिवशी कुठं. मी म्हणालो, "घरी काय सांगायचं?" तू म्हणालास, "तिकीट बारा दिवस उशिराचं मिळालं असं सांगायचं."

इथंच आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणत होतो, खरं लिहू. रागावतील आणि गप्प बसतील. तू ऐकेनास. "पत्रात काय लिहू? बायकापोरीला सोडून डोंगर बघाया चाललोय? ती म्हणंल, हितं काय डोंगर नाहीत का? तिला नाय कळायचं, बबन." शेवटी दोघांनी दोन पत्रं लिहिली, दोन्ही खोटी. माझ्या पत्रातलं खोटं माझ्या अक्षरावरूनसुद्धा ओळखू येत होतं. तुझं अक्षर मात्र सरळ होतं, आणि पाकीट बंद करताना तू मला तुझी शपथ घातलीस, वहिनींना हे कधी सांगायचं नाही.

मुंबईत उतरलो तेव्हा दोघांच्या डोक्यावर दोन दोन वर्षांचा बाजार होता. ब्लँकेटं, टू-इन-वन, साबणाच्या वड्या, अत्तरं. माझ्या गावची एसटी तिथून एका दिवसाच्या अंतरावर होती. तुझीही तशीच. आणि आपण घराकडं पाठ करून स्टेशनवर गेलो. सगळं सामान क्लोकरूममध्ये टाकलं. फक्त सुमनसाठी घेतलेली बाहुली तू टाकेनास, निळ्या डोळ्यांची, आडवी केली की डोळे मिटणारी आणि "मा" म्हणणारी. "ही चोरीला गेली तर तोंड दाखवाया जागा नाय राहायची," म्हणालास, आणि ती पाठीवरच्या पिशवीत कोंबलीस. पठाणकोटपर्यंत दोन रात्री, गाडीनं गचका दिला की वरच्या बाकावरून "मा" ऐकू यायचं आणि डब्यातली माणसं वर बघायची.

प्रेमसिंगचं गाव, दगडी पाट्यांची छपरं, मक्याची जाड भाकरी, त्याची म्हातारी आई जिला आपलं एक अक्षर कळत नव्हतं आणि जी लेकाबद्दल विचारायचं म्हणून सारखी तुझ्या दंडाला हात लावून बघत होती, तो नीट खातो का हे जणू तुझ्या दंडावरून कळणार होतं. गार्ड जयकिशन, प्रेमसिंगसारखाच, पण दुप्पट रुंद. पाचव्या दिवशी सकाळी आपण त्याच्या मागं चालू लागलो.

मला रान आवडलं. देवदाराखाली पाय मऊ पडत होता आणि सावली होती, अशी सावली मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. पण तू सावलीत थांबायला तयार नव्हतास. तुझी चाल बदलली होती. दोह्यात तू थोडा पोक काढून चालायचास, मला वाटायचं ते तुझं चालणंच तसं. तिथं तुझी पाठ सरळ झाली. जयकिशन एकदा मागं वळून बघत म्हणाला, "ये पहाड़ का आदमी है." तुला माहीत नाही, पण मला त्या वेळी तुझा हेवा वाटला. मला कुणी असं काही म्हणालं नव्हतं.

सहाव्या दिवशी झाडं संपली. भूर्जाची वाकडी, साल सुटलेली शेवटची झाडं, आणि मग एकदम उघडं गवत. मेंढपाळांचा दगडी आडोसा, तिथं मुक्काम. आणि सातव्या दिवशी धार.

जयकिशननं आधीच सांगितलं होतं, दुपारच्या आत खाली यायचं, ढग चढतात. उजाडताच निघालो. सुरुवातीला धार रुंद होती, बैलगाडी जाईल एवढी. गवतात पिवळी, जांभळी बारीक फुलं, खडकांच्या सावलीत मळकं बर्फ. तू वाकून बर्फ उचललंस, तोंडात घातलंस आणि मला म्हणालास, "फ्रीजमधल्यासारखाच वास येतोय की." एवढं हसलो आपण. मग धार अरुंद होत गेली. डावीकडं दरी, तळाशी नदीचा पांढरा दोरा. उजवीकडंही दरी, तिचा तळ दिसतच नव्हता, ढग भरलेला. मधे चालायला जेमतेम दोन हात.

इमारतींच्या छपरांवर चढणं हे माझं रोजचं काम. मला वाटलं होतं आपल्याला उंचीची भीती नाही. पण तिथं मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी गवत धरलं. तू मागं आलास, पुढ्यात उकिडवा बसलास. "खाली नको बघू. माझ्या टाचा बघ आन चल." मी म्हणालो, "तू जा. मी हितंच बसतो." तू एकदा पुढं बघितलंस, एकदा माझ्याकडं. मग पाठीवरची पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस, "हिला सांभाळ," म्हणालास, आणि गेलास.

तुला मी तिथून पूर्ण वेळ बघत होतो. जयकिशन पुढं, तू मागं. अरुंद भाग ओलांडलास, पुढच्या उंचवट्यावर चढलास, तिथून उतरून त्याच्या पुढच्या. कॅमेरा माझ्याकडं होता, तेवढा एक फोटो काढला. वाळूवर पसरायचास तसे हात तू पसरले नव्हतेस. हात खाली सोडून, घरातल्या अंगणातून जावं तसा चालला होतास. मी तिथं तास-दीड तास बसलो असेन. पिशवी जरा कलली की आतली बाहुली "मा" म्हणायची. भीती होती, थंडी होती, आणि तरी इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. हे मी तुला कधी बोललो नाही. तू नेलं नसतंस तर माझ्या आयुष्यात तो दीड तास आलाच नसता. एसीच्या कंप्रेसरपलीकडं मी काही बघितलं नसतं.

तू परत आलास, माझ्याशेजारी बसलास आणि रडू लागलास. आधी मला वाटलं दम लागलाय. पण तू चांगला पोटातून रडत होतास. जयकिशन बिचारा उठून लांब जाऊन उभा राहिला. आणि मग तू म्हणालास, "बबन, मी नाय येत परत. दोह्याला नाय येत. खलास."

मी काही बोलणार तेवढ्यात गारा सुरू झाल्या. आपण तिघं धावत सुटलो, माझी भीतीबिती कुठल्या कुठं. आडोशाला पोचलो तर आत मेंढपाळ आणि त्याच्या पाचपंचवीस मेंढ्या. त्यांच्या ओल्या लोकरीत शिरून बसलो. बाहेर गवत पांढरं होत होतं. आणि मी तिथं, त्या मेंढ्यांमध्ये बसून, तुला समजावू लागलो. घरावर अजून पत्रे आहेत. सुमन चार वर्षांची, तिला शाळा आहे. धाकट्या भावाचं लग्न. गावात राहून काय करणार, कुणाची शेतं नांगरणार? मी खूप शहाणपणाचं बोललो. तू गारांकडं बघत होतास. शेवटी म्हणालास, "तू काय चुकीचं बोलत नाहीस."

घरी गेल्यावर आठवड्याच्या आत मी विमलला, माझ्या बायकोला, सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाय दाखवा." आणि पायाच्या फोडांना तेल लावलं. मग मी तुलाही लिहिलं की सांगून टाक, काही होत नाही. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. तुझं कार्ड आलं ते वेगळंच. "मी इथंच राहीन म्हणतो. तुझं काय म्हणणं?" चार चार वेळा वाचलं मी ते कार्ड. तू माझं म्हणणं विचारत होतास. निवृत्ती, एवढ्या मोठ्या गोष्टीत तू मला विचारत होतास. आणि मी दोन पानं भरून लिहिलं, वेडेपणा करू नको. खरं सांगू? मी तुझ्या घराच्या पत्र्यांचा विचार करत नव्हतो. तुझ्याशिवाय दोह्यातल्या आपल्या मुऐदरच्या घरात दोन वर्षं काढायची, या विचारानं माझा जीव घाबरा झाला होता. ते मात्र मी लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये विमानतळावर तू समोरून आलास. पेटी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "आलो बघ." तेवढंच.

पुढं सहा वर्षं आपण शुक्रवारी वाळूत जात राहिलो. धारेबद्दल तू बोलायचास, पण बाहेरच्या कुणासमोर नाही. मी विचारायचो, वहिनींना सांगितलंस का? तू म्हणायचास, "पुढच्या खेपेला, इन्शाल्ला." दोन खेपा झाल्या. एकदा, टेकडीवर बसलो असताना, तू मधेच म्हणालास, "त्या वेळी तू हो म्हणला असतास तर?" मी चिडलो. "तर काय? मी तुझा हात धरला होता का? तुझं तुला कळत नव्हतं?" तू बराच वेळ वाळू मुठीत घेऊन सोडत बसलास. "काय नाय," म्हणालास. "पाणी दे." मी पाणी दिलं. ते भांडण तिथंच राहिलं. मी ते रोज थोडं थोडं पुढं नेतो, तुझी वाक्यंही मीच म्हणतो, पण तुझ्यासारखी ती मला म्हणता येत नाहीत.

तुझ्या शेवटच्या दिवसाचं मला साहेबांनी सांगितलं. बुधवार, सकाळचे दहा-साडेदहा. दुर्बिणीत पट्टी हलायला लागली म्हणून त्यांनी हातानं खूण केली, सरळ धर. तू सरळ धरलीस. मग ती हळूच जमिनीवर आडवी ठेवलीस आणि तिच्याशेजारी बसलास. दुपारी मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. कागदांना पाच दिवस लागले. ज्या खिडकीवर जावं तिथं "बुकरा, बुकरा", उद्या, उद्या. प्रेमसिंगनं त्या पाच दिवसांत गाडी बंद केली नाही.

तुझ्या घरी वहिनी रडल्या नाहीत. बायका रडत होत्या, तुझा भाऊ रडत होता, सुमन आईला बघून रडत होती. यमुनावहिनी सगळं करत होत्या, आलेल्यांना पाणी, पाहुण्यांची अंथरुणं. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी तुझी पेटी उघडली. कपडे काढले, रेडिओ काढला, तळाचा कागद उचलला. खाली तो फोटो. तुला एक प्रत दिली होती हे मी विसरूनच गेलो होतो.

"हे कुठलं, बबनभाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, असाच एक फोटो आहे. त्यांनी तो सुमनच्या हातात दिला. पोरगी आता दहा वर्षांची. तिनं उलटा करून मागचं तुझं अक्षर वाचलं, तारीख आणि साल. वहिनींनी फोटो परत घेतला. मग म्हणाल्या, "तवा तर ते तिकडंच होते. तिकीट मिळत नव्हतं ना?"

निवृत्ती, तुझी शपथ होती. पण ती बाई माझ्याकडं बघत होती आणि खोटं बोलायला मला तोंड उघडताच आलं नाही. मी सांगितलं. मुंबईत उतरलो, घराकडं आलो नाही. बारा दिवस.

"बारा दिस," त्या म्हणाल्या. चुलीपुढची राख त्या बोटानं सारखी करत होत्या. "दोन वरसांनी दोन महिने. त्यातनं पावण्यारावळ्यात, लग्नकार्यात जायचे ते जायचे. माझ्या वाट्याला यायचे किती? त्यातले बारा." मी मान खाली घातली. मग त्यांचा आवाज चढला, आणि त्या रागावल्या होत्या ते वेगळ्याच गोष्टीवर. "डोंगरच चढायचा होता तर मला न्यायचं! मी काय मागं राहिले असते? लग्नाआधीपासनं डोक्यावर गवताचा भारा घेऊन ह्या मागच्या कड्यावरनं उतरतेय मी. ते तर रिकाम्या हातानं घसरायचे माझ्यामागं. कधी बोलले नाहीत ते तुम्हाला?"

नाही बोललास. तू म्हणायचास, तिला नाय कळायचं.

मग मी दुसरंही सांगितलं. तू परत यायला तयार नव्हतास, मी पत्र लिहून तुला बोलावलं. मी नसतो तर तू आज इथं असतास. हे वाक्य मी आल्या दिवसापासून तोंडात धरून होतो. वहिनी वर बघायला लागल्या. आम्ही बसलो होतो त्या खोलीवर आता स्लॅब आहे, तू दोन वर्षांपूर्वी टाकलास तो. "तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "मला इचारलं, यमुने, काय करू? राहू का? मीच म्हणले, बबनभाऊ बरोबर लिहितेत. अजून दोन खेपा करा. डोक्यावर पक्कं होऊ द्या." त्यांनी बोट वर केलं, आणि तसंच धरून ठेवलं. "ह्याच्यासाठी."

बाहेर तुझा भाऊ कुणाला तरी वाट सांगत होता. सुमन माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती.

मला वाटलं आता वहिनी उठतील. त्या उठल्या नाहीत. पेटीचं झाकण लावलं, फोटो पदराला पुसून समोर जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "सांगा आता. पैल्यापासनं. मुंबईत उतरलात, मग?"

मी सांगायला लागलो. क्लोकरूम, पठाणकोट, प्रेमसिंगची आई. वहिनी मधे मधे विचारत होत्या, आणि त्यांचे प्रश्न मी कधी मनातही आणले नव्हते. गवत केवढं होतं, गुडघ्याएवढं की घोट्याएवढं? पाणी धारेवर मिळतं की खाली उतरावं लागतं? मेंढ्या कुठल्या अंगानं चढवतात? वारा सकाळी कुठून येतो? बर्फाखालचं गवत पिवळं होतं की काळं? काही मला आठवलं, काही आठवलं नाही. आठवलं नाही तिथं त्या म्हणायच्या, "असू द्या. पुढं." अरुंद जागेपाशी मी थांबलो आणि कबूल केलं की इथं मी बसलो. तो एकटा पुढं गेला. त्यांनी फोटो उचलून तुझ्या पावलांकडं बघितलं. "बरोबर चाललेत," म्हणाल्या. "आतल्या अंगाला भार देऊन. हे मी शिकवलंय."

तू रडलास तेही मी सांगितलं. गारा, मेंढ्या, सगळं. दुपार उतरली होती. बारा दिवस सांगायला एवढाच वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

"खाली येताना," त्यांनी विचारलं, "ते सारखं मागं वळून बघत होते का? वरती?"

मी आठवून बघितलं. खरं तेच सांगायचं होतं, आता दुसरं काही सांगायला उरलं नव्हतं. वर चढायला आपल्याला दोन दिवस लागले होते आणि खाली तू एका दिवसात उतरलास. जयकिशनलासुद्धा मागं टाकलंस. मी ओरडून म्हणालो होतो, अरे जरा दम खा, आणि तू न थांबता ओरडला होतास, "दम गाडीत खाऊ. आजची बस चुकली तर घरी एक दिस उशीर."

"नाही वहिनी," मी म्हणालो. "एकदासुद्धा नाही. उतरताना तो घराकडं निघाला होता. मला त्याच्या मागं पळावं लागलं."

तेव्हा त्या रडल्या, निवृत्ती. पदर तोंडात धरून, पुढं वाकून, तू माझ्याशेजारी बसून रडला होतास तशाच पोटातून. सुमन घाबरून उठली आणि आईच्या पाठीवर पडली. रीतीप्रमाणं मी उठून अंगणात जायला हवं होतं. मी गेलो नाही. तिथंच बसून राहिलो.